परसातली आगटी: पेटवण्याआधी आणि विझवल्यानंतर

एका वाचक भगिनीने कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटहून पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

«सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी आम्ही येथे घर घेतले. मागे लहानसे परस आहे, त्यात लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, आणि डेकच्या पायऱ्यांपासून पाच-सहा फुटांवर सिमेंटचा कोबा. यंदा यजमानांनी दुकानातून लोखंडी फायर पिट, म्हणजे शेकोटीचे कुंड, आणले आणि थँक्सगिव्हिंगच्या सुटीत चार कुटुंबे जमली तेव्हा ते पहिल्यांदा पेटवले. रताळी भाजली, गाणी झाली, मुले खूश होती. साडेनऊच्या सुमारास शेजारचे गृहस्थ कुंपणाशी आले. त्यांच्या घरी तान्हे बाळ आहे, खिडक्या लावूनही धूर आत येतो असे ते म्हणाले आणि आज लाकूड जाळायला बंदी आहे हे तुम्हांला ठाऊक नाही का, असेही त्यांनी विचारले. आम्ही ओशाळलो आणि घाईघाईने बादलीभर पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी दुपारी यजमानांनी राख कागदी पिशवीत भरून बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत टाकली. संध्याकाळी पाहतो तर पेटीच्या तळाशी तळहाताएवढे भोक पडले होते आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास सुटला होता. पेटी गॅरेजच्या भिंतीला टेकून ठेवलेली होती.

जानेवारीत सासूबाई आणि सासरे सहा महिन्यांसाठी येत आहेत. सासऱ्यांना दमा आहे. होळी परसातच करू, असे सासूबाईंनी आतापासून ठरवले आहे. स्वतःच्या आवारात शेकोटी करायला कोणाची परवानगी कशाला, असे यजमानांचे म्हणणे आहे, तर ते पिट विकून टाकावे असे माझे. कोणाचे बरोबर आहे?»

सप्रेम नमस्कार.

शेजाऱ्यांचे बोलणे तुम्हांला लागलेले दिसते, कारण पत्रात त्यावर सर्वांत अधिक ओळी खर्ची पडल्या आहेत. मला मात्र पत्र वाचताना धडकी भरली ती त्या हिरव्या पेटीच्या भोकाने, म्हणून आरंभ तिथूनच करते. यजमानांनी निष्काळजीपणा केला असे मी म्हणणार नाही. रात्री बादलीभर पाणी ओतले, मध्ये पंधरा-सोळा तास गेले, वरची राख गार लागली, त्यावरून कोणीही विस्तव विझला असेच धरून चालले असते. पण एका जागी ओतलेले पाणी वरची राख भिजवून बाजूने निघून जाते आणि मोठ्या ओंडक्याच्या बुडाशी असलेला निखारा कोरडाच राहतो. वर जमलेला राखेचा थर त्याला हवा बेताची पोहोचू देतो आणि उष्णताही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे तो मंदपणे दोन-तीन दिवस, क्वचित चार दिवससुद्धा, जिवंत राहू शकतो.

खरे तर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. काडेपेटी जपून वापरायच्या दिवसांत घरातल्या बायका रात्री स्वयंपाक आटोपल्यावर चुलीतले दोन-चार चांगले निखारे राखेखाली पुरून ठेवत, आणि पहाटे राख सारून, गोवरीचा तुकडा लावून, फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की चूल पेटे. विस्तव राखून ठेवण्याची जी रीत होती, नेमके तेच आपण आज विस्तव विझवण्याच्या समजुतीने करतो. आम्हीही केले आहे. काही वर्षांपूर्वी रात्री उशिरा पाहुणे गेल्यावर आम्ही आमच्या पिटमध्ये घमेलेभर वाळू टाकली आणि निश्चिंत झोपलो. सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर शेजारचे मांजर त्या वाळूवर पाय दुमडून, डोळे मिटून बसलेले. त्या गारठ्यात ते तिथे का बसले असेल हे कळायला मला दोन घोट लागले. मांजर उठवून कालथ्याने वाळू बाजूला केली तेव्हा चार बोटांखाली निखारा लालबुंद होता.

तुमच्या घरापासून मोटारीने तासाभराच्या आत असलेल्या ओकलंडच्या टेकड्यांवर १९९१ साली जे घडले तेही याच जातीचे होते. १९ ऑक्टोबरला, शनिवारी, तिथे गवताला एक लहानशी आग लागली आणि अग्निशमन दलाने ती विझवली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कोरडा आणि गरम वारा सुटला, त्याच जागेवर उरलेली धग पुन्हा पेटली आणि दिवस मावळेपर्यंत २५ माणसे प्राणांस मुकली, हजारो घरे जळून गेली. ती आग विझवणारे लोक प्रशिक्षित होते, त्यांच्याकडे पाण्याचे बंब होते. तुमच्याकडे एक बादली होती.

तेव्हा विझवण्याची रीत अशी ठेवा. पाहुणे जाण्याच्या वेळेआधी पाऊण तास नवे लाकूड घालणे बंद करावे, म्हणजे शेवटी मोठे ओंडके उरत नाहीत. मग चिमट्याने निखारे एकमेकांपासून सुटे करून पसरावेत. पाणी एकदम ओतू नये, कारण तापलेले पातळ लोखंड त्याने वाकते आणि उसळलेल्या वाफेने हात भाजतो. झारीने थोडे थोडे शिंपडावे, लांब दांड्याच्या फावड्याने ढवळावे, पुन्हा शिंपडावे, आणि चर्र असा आवाज पूर्ण थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटी हाताची पालथी बाजू राखेजवळ न्यावी आणि धग अजिबात जाणवत नसेल तरच सावकाश स्पर्श करून पाहावा. जी राख हाताला सोसवत नाही तिच्या भरवशावर झोपायला जाऊ नये. गार झालेली राखसुद्धा कागदी पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत भरायची नाही. घट्ट झाकणाचा धातूचा डबा आणावा, राख त्यात भरून पुन्हा ओली करावी आणि तो डबा घर, डेक, गॅरेज आणि कुंपण यांपासून किमान दहा फूट दूर, मोकळ्या सिमेंटवर चार-पाच दिवस ठेवावा. मगच ती राख कचऱ्यात जावी. हा डबा पिटपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो, पण पिटबरोबर तो घेणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत.

आता यजमानांचा प्रश्न. स्वतःच्या आवारात परवानगी कशाला, हे त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. साध्या घरगुती शेकोटीसाठी दर वेळी कोणाकडून लेखी परवाना आणायचा नसला, तरी आज पेटवायची की नाही हा निर्णय पूर्णपणे घरमालकाच्या हातातला नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या बे एरियाच्या नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांत), म्हणजे तुमच्या अलामीडा काउंटीतही, हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण वाढण्याची चिन्हे दिसली की हवा-नियंत्रण विभाग «स्पेअर द एअर» हा इशारा जाहीर करतो, आणि असा इशारा लागू असेपर्यंत लाकूड, लाकडाच्या गोळ्या किंवा दुकानात मिळणारे तयार ओंडके जाळणे बेकायदा ठरते. हा नियम घरातल्या शेगडीला लागू आहे तसाच परसातल्या पिटलाही आहे. पूर्वी तो हिवाळ्यापुरता होता, पण २०१९ पासून वर्षभर लागू आहे. पहिल्यांदा सापडणाऱ्यास १०० डॉलर दंड भरण्याचा किंवा धुराच्या दुष्परिणामांविषयीचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा पर्याय मिळतो, आणि दुसऱ्यांदा दंड ५०० डॉलरवर जातो. इशारा सहसा आदल्या दिवशी जाहीर होतो आणि तो फोनवर संदेशाने मिळवण्याची सोय विनामूल्य आहे. यजमानांच्या फोनवर ती आजच सुरू करून द्या. पाहुण्यांना आमंत्रण धाडण्याआधी इशारा पाहिला म्हणजे शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून बातमी देण्याची वेळ येत नाही.

हा इशारा नेमका थंडीत, शेकोटी हवीशी वाटते त्याच रात्रींना, का येतो हेही त्यांना सांगा, कारण कारण कळले की नियमाचा जाच वाटत नाही. वारा पडलेल्या थंड रात्री जमिनीलगतची गार हवा खोऱ्यात तळ्यासारखी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. आपल्या पिटमधून निघालेला धूर वर जाऊन विरत नाही, तर त्या झाकणाखाली पसरून गल्लीतल्या सगळ्या घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. त्यातले सूक्ष्म कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहूनही लहान, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून बारीक असतात. ते खिडकीच्या फटीतून आत येतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात. त्या तान्ह्या बाळाच्या खोलीत धूर गेला ही शेजाऱ्यांची अतिशयोक्ती नव्हती.

या इशाऱ्याहून वेगळा आणि अधिक कडक मानावा असा दुसरा इशारा राष्ट्रीय हवामान सेवेचा असतो, त्याला «रेड फ्लॅग वॉर्निंग» म्हणतात. हवा अतिकोरडी आणि वारा जोराचा असला की तो लागतो, आणि आपल्या भागात तो विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, टेकड्यांवरून कोरडे वारे उतरतात तेव्हा येतो. त्या दिवशी लाकडाची शेकोटी नाही, गॅसची नाही, अंगणात निखाऱ्यावर कणीससुद्धा नाही. या बाबतीत मी कोणाशी वाद घालत नाही.

जागेविषयी तुम्ही डेकपासूनचे अंतर पाच-सहा फूट लिहिले आहे, ते मला अजिबात मान्य नाही. कॅलिफोर्नियाच्या अग्निसंहितेप्रमाणे जमिनीवर रचलेली मोकळी शेकोटी तीन फुटांहून रुंद आणि दोन फुटांहून उंच असू नये आणि ती कोणत्याही बांधकामापासून किंवा जळाऊ वस्तूपासून २५ फूट दूर असावी. हलवता येणाऱ्या तयार पिटसाठी हे अंतर १५ फूट आहे. एक-दोन कुटुंबांच्या घरांना या १५ फुटांच्या अटीतून संहितेत सूट मिळते हे खरे, आणि दुकानदार ते हटकून सांगतात, परंतु स्थानिक अग्निशमन दल त्याहून कडक नियम करू शकते. शिवाय सूट कायद्यातून मिळते, ठिणगीकडून नव्हे. तुमच्या परसात १५ फूट मिळतात का हे फीत घेऊन मोजा, आणि मोजताना कुंपण, झाडाच्या खाली आलेल्या फांद्या, पागोळीत साठलेली वाळकी पाने आणि खुर्च्यांवरच्या गाद्या हेही धरा. अग्निशमन दलाच्या कार्यालयाला तातडीचा नसलेला क्रमांक असतो. त्यावर फोन करून आपल्या पत्त्याला कोणते नियम लागू आहेत हे विचारले तर दहा मिनिटांत उत्तर मिळते. तुमची वसाहत घरमालक संघटनेच्या नियमांखाली येत असेल तर ती नियमावलीही उघडून पाहा, कारण पुष्कळ वसाहतींनी लाकडाची पिट सरसकट मना केलेली आहेत आणि तिथे बाकीच्या चर्चेला अर्थच उरत नाही.

पिट पेटलेले असताना एक जाणते माणूस तिथे बसून राहिले पाहिजे, आणि ते माणूस आधी ठरलेले असले पाहिजे. चार कुटुंबे जमली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघतो आहे. बागेची नळी नळाला जोडून, पाणी सुरू करून, हाताशी ठेवावी. मुलांसाठी तीन फुटांवर खडूने कोब्यावर रेघ ओढावी, ती त्यांना खेळासारखी वाटते आणि तोंडी ताकिदीपेक्षा अधिक पाळली जाते. सणासुदीच्या मेळाव्यात मोठ्यांच्या ओढण्या आणि पदर हा मुलांइतकाच चिंतेचा विषय आहे, विशेषतः कृत्रिम धाग्याचे कापड, कारण ते जळताना वितळून कातडीला चिकटते. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे गार वाहते पाणी सोडावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट यांतले काही लावू नये.

काय जाळावे यापेक्षा काय जाळू नये हे इथे अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या कुंपणाच्या किंवा डेकच्या फळ्या फुकट मिळतात म्हणून पिटमध्ये घालण्याचा मोह होतो, पण २००४ पूर्वीच्या अशा लाकडावर बहुधा आर्सेनिकयुक्त प्रक्रिया केलेली असते आणि ते विष धुरात व राखेत उतरते. मालवाहतुकीचे लाकडी पाटही जाळू नयेत. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगावी लागते. कॅलिफोर्नियात हमरस्त्यांच्या कडेने आणि कित्येक घरांच्या कुंपणाला जी गुलाबी-पांढरी फुले येतात ती आपली कण्हेरच आहे. देवाला वाहायला फुले घ्या, पण छाटलेल्या फांद्या पिटमध्ये घालू नका आणि रताळी टोचायला तिची काडी तर मुळीच वापरू नका, कारण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि धूरही त्याला अपवाद नाही. जाळायला निदान सहा महिने ते वर्षभर वाळवलेले, फोडलेले कठीण लाकूड घ्यावे. वाळलेले दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक, खणखणीत आवाज येतो, आणि ओले असतील तर बद्द. ओल्या लाकडाची बरीच ताकद आतले पाणी उडवण्यातच जाते आणि उरलेल्याचा धूर होतो.

पेटवायला पेट्रोल, स्पिरिट किंवा रॉकेल कदापि नको. अलीकडे मेजावर ठेवायची, स्पिरिटवर जळणारी शोभेची छोटी कुंडे मिळतात, त्यांच्या वाटेला तर जाऊच नये. ज्योत दिसत नाही म्हणून विझली असे समजून माणूस वरून स्पिरिट ओततो आणि आग धारेवरून उलटी बाटलीत शिरते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये अशा कुंडांविरुद्ध जाहीर इशारा दिला, त्यात २०१९ पासून दोन मृत्यू आणि किमान ६० जण जखमी झाल्याची नोंद आहे.

सासऱ्यांच्या दम्याचा विचार करता माझा सल्ला स्पष्ट आहे: ते इथे असतील त्या सहा महिन्यांत नेहमीच्या बैठकीसाठी लाकूड पेटवू नये. दम्याच्या माणसाला वाऱ्याच्या उलट बाजूला बसवले की झाले, हा उपाय वारा पडलेल्या रात्री चालत नाही, आणि थंड हवा स्वतःच त्रास वाढवते. शेकोटीभोवती बसण्याची हौस असेल तर प्रोपेनवर चालणारे पिट घ्यावे. त्याला धूर जवळजवळ नसतो, राखेचा प्रश्न संपतो, आणि हवेच्या इशाऱ्यातून गॅसला सूट आहे. लाकडाच्या जळण्याचा तो वास आणि तडतड त्यात नाही, हे मी मान्य करते, आणि मला स्वतःला ते निळसर ज्योतीचे शोभेचे दगड फारसे आवडत नाहीत. पण तुमच्या घरात प्रश्न आवडीचा नाही. घेतल्यास त्यात कंपनीने दिलेले लाव्हाचे दगड किंवा काचखडेच घालावेत, नदीतून वेचलेले गोटे नकोत, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. सिलिंडर घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवू नये. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो वर उडून न जाता जमिनीलगत साचतो.

उरली होळी. सासूबाईंचे मन मोडू नका, वर्षातून एकदा, अर्धा तास, छोट्या आकारात ती होऊ शकते. त्यासाठी तुमचे लाकडाचे पिट विकू नका, फक्त डेकपासून दूर न्या. पौर्णिमेच्या दोन दिवस आधीपासून दोन्ही इशारे पाहत राहा, आणि त्या दिवशी एखादा लागला तर होळीची पूजा समईच्या ज्योतीवर करून नैवेद्य दाखवावा. हे सासूबाईंशी आधीच, त्या विमानातून उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच बोलून ठेवा, ऐन संध्याकाळी नव्हे. ऑनलाइन मिळणाऱ्या गोवऱ्या फार धुरकटतात, म्हणून शास्त्रापुरता एक लहान तुकडा ठेवून बाकी वाळलेले लाकूड घ्या. अख्खा नारळ मात्र आगीत टाकू देऊ नका. आतल्या पाण्याची वाफ कोंडली की तो फुटून निखारे उडवतो. डोळ्याला भोक पाडून पाणी काढून घ्या, किंवा फोडून वाटीच अर्पण करा. सासऱ्यांनी आतून, बंद काचेच्या दारामागून नमस्कार केला तरी चालेल.

शेजाऱ्यांकडे होळीआधी आठवडाभर एकदा जाऊन या. परवा झाले ते इशारा न पाहिल्यामुळे झाले असे सांगा, होळी किती वाजता आणि किती वेळ असेल ते सांगा, बाळाच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते विचारा आणि तुमचा फोन क्रमांक देऊन ठेवा. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी न्या, आधी नेलीत तर ती लाच वाटेल.

आणि ती भोक पडलेली पेटी कचरा नेणाऱ्या कंपनीला कळवून बदलून घ्या. कारण विचारले तर राख हेच सांगा, उंदीर नको. त्यांनी असली भोके पुष्कळ पाहिलेली असतात.